डावखुऱ्यांचं आडनाव

फुटबॉलच्या युरो कपची फायनल आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झाली. इथं 12 जुलै लागला होता, तिकडं लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर अजून 11 जुलै 2021 ची संध्याकाळ होती. घरात मी आणि माझी भाची, दोघीच जाग्या. आई आतल्या खोलीत झोपलेली, म्हणून टीव्हीचा आवाज अगदी बारीक ठेवलेला. दुसऱ्याच मिनिटाला इंग्लंडच्या ल्यूक शॉनं डाव्या पायानं गोल मारला, स्टेडियम उसळलं, आणि कॅमेरा इटलीच्या मॅनेजरकडं वळला. नीट विंचरलेले पिकले केस, नजर मैदानावर. रॉबर्टो मान्चिनी.

भाची तेव्हा लॉकडाउनच्या दिवसांत ऑनलाइन इटालियन शिकत होती. ती सहज म्हणाली, "मावशी, मान्चिनी म्हणजे माहितीये का तुला? मान्चिनो म्हणजे डावखुरा. मान्चिनी हे त्याचं अनेकवचन. डावखुरे!"

आणि तिनं माझ्या हाताकडं पाहिलं. मी शेंगा फोडत होते. डाव्या हातानं.

मी जन्माची डावरी. आमच्याकडं कोल्हापुरात डावखुरा हा शब्द पुस्तकात, बोलण्यात डावराच. पहिलीत गेले तेव्हा पाटीवर पेन्सिल आपसूक डाव्या हातात यायची. ज्यांनी उजव्या हातानंच लिहिलं आहे, त्यांना एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. आपली अक्षरं डावीकडून उजवीकडं जातात आणि शब्द झाला की वर शिरोरेषा द्यायची असते. उजव्या हातानं ती ओढता येते. डाव्या हाताला ती ढकलावी लागते. पेन्सिलीचं टोक पाटीवर अडतं, कर्र वाजतं, रेघ मधेच तुटते. शिवाय हात लिहिलेल्यावरूनच पुढं सरकतो, त्यामुळं अक्षर पुसतं आणि करंगळीची कड पांढरी होते. पुढं शाईचं पेन आलं असतं तर ती निळी झाली असती. पण तोवर माझा डावा हात लिहायचा थांबला होता.

आमच्या वर्गावरच्या बाईंनी आईला बोलावून सांगितलं, की आत्ताच वळण लावा, मोठेपणी जड जाईल. वर्गात त्या माझ्या वेणीची लाल रिबीन सोडायच्या आणि डावं मनगट फ्रॉकच्या पट्ट्याला बांधायच्या. घरी दुपारी हेच काम आई करायची. गाठ सैल असायची, रुतत नसे. पण बांधलेला हात सुटायला बघतो. बोटं आपोआप हलतात, हवेत अक्षरं काढतात. ते मला अजून आठवतं. सहा-सात महिन्यांत मी उजव्या हातानं लिहायला लागले. बाईंनी वर्गासमोर माझी पाटी उंच धरून दाखवली.

लिहिणं तेवढं उजवीकडं गेलं. बाकी सगळं तिथंच राहिलं. कॅरमचा स्ट्रायकर, रांगोळीची चिमूट, सुईत दोरा ओवणं, शेंगा फोडणं.

त्या रात्रीनंतर मान्चिनी हे नाव माझ्या मागंच लागलं. एका कुठल्या तरी गावात, काही शतकांपूर्वी, कुणी एक डावरा माणूस होता. लोक त्याला डावरा म्हणायचे. त्याची पोरं डावऱ्याची, नातवंडं डावऱ्याची, आणि मग ते घरच डावऱ्यांचं झालं. एका गावात नव्हे, अनेक गावांत, वेगवेगळ्या डावऱ्यांपासून, म्हणून मध्य इटलीत आज इतके मान्चिनी आहेत आणि ते एकमेकांचे कुणी लागत नाहीत. 1563 मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेनं प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीत, बारशांची आणि लग्नांची नोंदवही ठेवायचा नियम केला. तोवर आडनावं पातळ होती, बदलत होती. वहीत चढली आणि घट्ट झाली. हाका मारायचं नाव शाईत गेलं.

इटालियन आडनावं पुष्कळदा ई-कारान्त का असतात, हे मला भाचीनंच समजावलं. ते अनेकवचन. रोस्सी म्हणजे तांबड्या केसांचे, रिच्ची म्हणजे कुरळे, बास्सी म्हणजे बुटके, गोब्बी म्हणजे कुबडे, झोप्पी म्हणजे लंगडे. ती सांगत होती आणि माझ्या डोक्यात आपली यादी सुरू झाली. काळे, गोरे, घारे, टकले, बोबडे, बहिरे, लंगडे. आपल्याकडंही एकाच्या अंगावरची खूण साऱ्या घराला लागते, आणि लागताना तिचं अनेकवचन होतं. तिकडं ई, इकडं ए. डावरे आणि डावखरे ही आडनावं तर आपल्या कानांना ओळखीचीच आहेत. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. आमच्या पेठेत पाळण्यातलं नाव फक्त रेशनकार्डावर असतं.

शब्द मात्र निर्मळ नाही. मान्चिनोच्या मुळाशी लॅटिनमधला मांकुस आहे, आणि मांकुस म्हणजे हातानं अधू. म्हणजे डाव्या हातानं काम करणारा तो उजव्या हातानं लुळा, असा हिशेब. इटालियनमध्ये कुणी पाठीमागून दगा दिला तर त्याला 'डावखुरा वार' म्हणतात. आपलीही भाषा या बाबतीत फार वेगळी नाही. कुणी कुणापेक्षा सरस असेल तर तो उजवा. देवाला कौल लावला तर उजवा कौल म्हणजे होकार. आणि कुणाला मुद्दाम बाजूला टाकलं, त्याच्या वाट्याचं त्याला दिलं नाही, तर आपण म्हणतो त्याला डावललं. डावलणं. डावीकडं टाकणं. हा शब्द मी आयुष्यभर वापरला आणि तो माझ्याच हातापासून निघाला आहे, हे त्या आठवड्यात पहिल्यांदा जाणवलं.

मग मी मान्चिनी गोळा करायला लागले.

रॉबर्टोपासूनच सुरुवात. 1964 चा, येसी नावाच्या गावातला. सोळाव्या वर्षी बोलोन्या क्लबकडून पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये उतरला, मग पंधरा वर्षं सांपदोरिया क्लबकडं. पुढं इंटर मिलानला मॅनेजर म्हणून लीग विजेतेपदं मिळवून दिली. 2012 मध्ये मँचेस्टर सिटीला 44 वर्षांनी लीग जिंकून दिली, तीही शेवटच्या दिवशी, भरपाईच्या वेळेत अग्वेरोनं मारलेल्या गोलवर. हे सगळं सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्याच्यातलं दुसरंच काही धरून ठेवतं. 1990 चा वर्ल्ड कप इटलीत होता. पंचविशीतला मान्चिनी संघात निवडला गेला होता. आणि आपल्याच देशात झालेल्या त्या वर्ल्ड कपमध्ये त्याला एक मिनिटही खेळायला मिळालं नाही. सगळे सामने बाहेर बसून. इतका गुणी खेळाडू, आणि इटलीकडून त्याचे सामने भरले अवघे 36.

आता एकतीस वर्षं पुढं या. युरो कपला मॅनेजर म्हणून त्याच्याकडं 26 जण होते. त्यातल्या 25 जणांना त्यानं मैदानात उतरवलं. वेल्सविरुद्धच्या सामन्यात शेवटची एक-दोन मिनिटं उरली असताना त्यानं गोलकीपर बदलला. काही गरज नव्हती. दोन्नारुम्माला दुखापत नव्हती, सामना हातात होता. सिरिगू नावाचा दुसरा गोलकीपर आत आला, त्यालाही ही स्पर्धा खेळल्याचं लाभलं, बस. हे बघताना मला वाटलं, की बाकावर बसलेल्याला काय वाटतं हे या माणसाला आतून माहीत आहे. हा कुणाला डावलणार नाही.

आणि जानलुका व्हिआल्ली. सांपदोरियात मान्चिनी आणि व्हिआल्ली ही जोडी होती. 1991 मध्ये दोघांनी त्या क्लबला त्याचं एकमेव लीग विजेतेपद मिळवून दिलं. पुढच्या वर्षी युरोपियन कपची फायनल. मैदान वेम्बली. समोर बार्सिलोना. जादा वेळेत कूमानची फ्री-किक जाळ्यात गेली आणि सांपदोरिया हरलं, 1-0. व्हिआल्ली 2017 पासून स्वादुपिंडाच्या कॅन्सरशी झुंजत होता. अशा आजारी मित्राला मान्चिनीनं राष्ट्रीय संघाबरोबर आणलं. आणि 29 वर्षांनी पुन्हा वेम्बलीत दोघं उभे. इटलीच्या बोनुच्चीनं बरोबरी साधलेली, 1-1, मग पेनल्टी. इंग्लंडचा साका हा डावखुऱ्या पायाचा कोवळा पोरगा चेंडू मारायला आला, दोन्नारुम्मानं डावीकडं झेप घेऊन तो अडवला, आणि इटली 3-2 नं जिंकली. त्यानंतर मान्चिनी आणि व्हिआल्ली एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. बराच वेळ रडले. आम्ही दोघीही रडलो. भाचीनं तर व्हिआल्ली खेळताना पाहिलेलाच नव्हता. तिच्या जन्माच्या आधीच तो निवृत्त झाला होता.

हेन्री मान्चिनी मला आधीपासून माहीत होता, फक्त तो यातला आहे हे माहीत नव्हतं. पिंक पँथरची ती दबक्या पावलांची सॅक्सोफोनची धून कुणी ऐकलेली नाही? ती त्याची. 1924 मध्ये क्लीव्हलंडला जन्मला तेव्हा त्याचं नाव एन्रिको निकोला. वडील क्विंतो, अब्रुझ्झोतल्या डोंगराळ मुलखातून अमेरिकेत गेलेले, पेनसिल्व्हेनियात वेस्ट अलिक्विपाला पोलाद कारखान्यात मजुरी करायचे. घरी बासरी होती. पोराला आठव्या वर्षी बासरी शिकवली ती बापानं. पुढं या पोराला चार ऑस्कर मिळाले आणि वीस ग्रॅमी.

पण ग्रॅमीपेक्षा मला त्याची एक कृती मोठी वाटते. 1961 मध्ये एका सिनेमात ऑड्री हेपबर्नला खिडकीत बसून गाणं म्हणायचं होतं. ती गायिका नव्हती. आवाजाला पट्टी थोडी, जेमतेम एका सप्तकाची. हेन्रीनं काय केलं? तिच्या गळ्यात जेवढं बसतं, तेवढ्याच स्वरांत चाल बांधली. चंद्र आणि नदीचं ते गाणं, 'मून रिव्हर', आज साठ वर्षांनीही लोक म्हणतात. गळ्याला चालीत बसवायला निघाला नाही तो, चाल गळ्याला बसवली. माझ्या बाईंना हे कुणी तेव्हा सांगायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. त्यांचा हेतू वाईट नव्हता. माझी पाटी उंच धरताना त्यांचा चेहरा खरोखर आनंदी होता.

सतराव्या शतकात याच आडनावाच्या पाच बहिणी रोमहून पॅरिसला गेल्या, फ्रान्सचा कारभार पाहणाऱ्या कार्डिनल माझारँच्या भाच्या. त्यांतल्या मारीवर तरुण चौदाव्या लुईचं प्रेम बसलं होतं, पण स्पेनशी तह व्हायचा होता आणि तहासाठी राजाला स्पेनची राजकन्या करायची होती, तेव्हा मारीला पॅरिसमधून दूर धाडण्यात आलं. तिची बहीण ओर्तान्स नवऱ्याच्या जाचाला कंटाळून पळाली आणि शेवटी लंडनला राहिली. दोघींनी आपापल्या आयुष्याची हकीकत स्वतः लिहून छापली. त्या काळात बाईनं असं करणं ही लहान गोष्ट नव्हती. त्यांच्यावर कुणीतरी मराठीत सविस्तर लिहावं. मी मात्र इथं चित्रकाराकडं वळते, कारण त्याच्याशी माझं नातं जुळलं.

अंतोनियो मान्चिनी, जन्म 1852. गरीब घरचा, नेपल्सला वाढला, बाराव्या वर्षी तिथल्या कला अकादमीत गेला. रस्त्यावरची पोरं, डोंबाऱ्याचा खेळ करणारी पोरं बसवून त्यांची चित्रं काढायचा. 1881 मध्ये मन ढासळलं, वेड्यांच्या इस्पितळात राहावं लागलं. बाहेर आल्यावर पुन्हा चित्रं. त्याची एक विलक्षण रीत होती. एका चौकटीला आडवे-उभे दोरे ताणून त्याची जाळी करायची, ती समोर बसलेल्या माणसापुढं उभी करायची. तशीच दुसरी जाळी कॅनव्हासवर. या चौकोनातलं त्या चौकोनात. प्रमाण साधायला चित्रकार चौकोन पाडतातच, पण ते नंतर झाकले जातात. अंतोनियो रंग इतका जाड थापायचा, की दोरे काढल्यावर त्यांचे चर तसेच रंगात राहायचे. आणि तो ते बुजवायचा नाही.

भाचीनं मला लॅपटॉपवर त्याचं एक चित्र मोठं करून दाखवलं. लांबून नुसती एक बाई, रेशमी झगा, झगमगाट. जवळ नेलं की गालावरून, गळ्यावरून, रेशमावरून सरळ खाचा गेलेल्या. बांधल्याच्या खुणा. मी स्क्रीनवर बोट ठेवून एका चरावरून ते शेवटपर्यंत नेलं. जॉन सिंगर सार्जंटसारखा नामवंत चित्रकार या माणसाला फार मानायचा, त्याच्यासाठी त्यानं इंग्लंडमध्ये शब्द टाकला. मला चित्रकलेतलं फार कळत नाही. पण ते चर मला कळले.

आता रे मान्चिनी. त्याच्याबद्दल लिहिणं मी बरेच दिवस टाळलं.

ओहायोतल्या यंग्स्टाउनचा बॉक्सर. जन्मनाव रेमंड मायकल मान्चिनो, म्हणजे एकवचन. त्याचे वडील लेनी हेही बॉक्सर, आणि रिंगमध्ये ते मान्चिनी झाले. लेनीला विश्वविजेतेपदाची संधी येणार असं वाटत होतं, तेवढ्यात दुसरं महायुद्ध आलं, ते जखमी झाले आणि ती संधी गेली ती गेलीच. मुलानं वडिलांसाठी तो पट्टा आणायचं ठरवलं, आणि 1982 मध्ये आणला. वय 21. इथवर गोष्ट एखाद्या घरात अभिमानानं सांगावी अशी.

त्याच वर्षी 13 नोव्हेंबरला लास वेगासमध्ये तो पट्टा राखायला उतरला. समोर दक्षिण कोरियाचा किम डुक-कू. किम डावखुरा होता. बॉक्सिंगमध्ये डावखुऱ्याची उभं राहायची ढब उलटी असते, उजवा पाय पुढं, मोठा ठोसा डाव्या हाताचा. तर डावखुरे असं आडनाव लावणारा एक, आणि खरा डावखुरा दुसरा, असे दोघं समोरासमोर. किम मागं हटला नाही. तेरा फेऱ्या दोघांनी एकमेकांना झोडपलं. चौदाव्या फेरीत मान्चिनीच्या ठोशानं किम पडला, दोरीला धरून उठला, पंचांनी लढत थांबवली, आणि थोड्याच वेळात तो बेशुद्ध झाला. चार-पाच दिवसांत गेला. काही महिन्यांत किमच्या आईनं जीव दिला. नंतर त्या लढतीच्या पंचांनीही. विश्वविजेतेपदाच्या लढती पंधरा फेऱ्यांच्या बारा फेऱ्यांवर आल्या, त्याच्यामागं मुख्यतः हीच लढत.

रे किमच्या अंत्यविधीला कोरियाला गेला होता. किम गेला तेव्हा त्याची होणारी बायको गरोदर होती. जवळजवळ तीस वर्षांनी तो मुलगा आईला घेऊन अमेरिकेत आला आणि रेच्या घरी त्याला भेटला. त्या भेटीचं चित्रण मी अर्ध्यावर बंद केलं. टेबलाच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला त्या मायलेकांचं मूक बसणं. ते बघायचा मला अधिकार नाही असं वाटलं.

आबा मला लहानपणी शाहू स्टेडियमवर घेऊन जायचे. तालमीतालमींचे फुटबॉल सामने, आमची पेठ आणि समोरची पेठ, गर्दी अशी की पाय ठेवायला जागा नाही. आमच्या तालमीत एक डाव्या पायाचा खेळाडू होता. चेंडू डाव्या बाजूला गेला की हजारो माणसं एका आवाजात ओरडायची, "डावऱ्याला सोड! डावऱ्याला!" त्याच्या पायाशी चेंडू आला की आबा मला खांद्यावर उचलायचे. मी सहा वर्षांची, सकाळी शाळेत मनगट बांधलेलं, आणि दुपारी सगळं गाव जीव तोडून डावऱ्याचं नाव घेतंय. मला वाटायचं ते मलाच हाक मारताहेत.

इटलीतल्या त्या पहिल्या डावऱ्याला लोक हसले असतील. नावं ठेवली असतील, ठेवलीच. पण त्याला सरळ करायला कुणी गेलं नाही. जसा होता तसा त्याला वहीत लिहिला.

2022 च्या दिवाळीनंतर आईला पॅरॅलिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू आला, हात आला नाही. डॉक्टर म्हणाले, आता डाव्या हाताची सवय करा. त्या डिसेंबरात मिहायलोविच गेला, रॉबर्टोचा लाझिओ क्लबातला सोबती. 1999 मध्ये त्याच्याच डाव्या पायाच्या कॉर्नरवर रॉबर्टोनं टाचेनं तो अजब गोल मारला होता. तीन आठवड्यांनी, 6 जानेवारीला, व्हिआल्ली गेला. भाचीनं फोनवर सांगितलं तेव्हा मी आईला भात भरवत होते.

त्या दिवशी दुपारी मी पाटी आणली. पेन्शनच्या कागदावर आईला अंगठा द्यायचा नव्हता. मास्तरीण नसली तरी सातवी झालेली, तिला सहीच करायची होती. पेन्सिल तिच्या डाव्या हातात दिली. तिनं नाव काढलं, मोठंमोठं, वाकडं. वर रेघ द्यायला गेली आणि पेन्सिल कर्रकन अडली. पुन्हा दिली, पुन्हा अडली.

"जमंना बघ," आई म्हणाली.

"ओढू नको आई. ढकल. मनगट असं खाली घे, पेन्सिल जरा आडवी धर."

मी तिचा हात माझ्या डाव्या हातात धरला. रेघ निम्म्यापर्यंत गेली. आईनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या मनगटाकडं, आणि बराच वेळ तिथंच पाहत राहिली. म्हणाली, "लागायचं का गं तुला?"

"नाही. सैल बांधायचीस तू."

तिनं मान हलवली आणि उरलेली रेघ ढकलायला लागली.